बलकाचं देणं

माझी पहिली नोकरी वळूंच्या वीर्याच्या प्रयोगशाळेत होती, ही गोष्ट आमच्या घरात बरीच वर्षं कुणी सरळ उच्चारली नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "दुधाच्या लॅबमध्ये आहे." आत्याचा समज होता की मी गायींचं रक्त तपासते. मीही कुणाची दुरुस्ती करत नसे. लग्नाची मुलगी गोठित रेत केंद्रात कामाला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आज लिहायला बसले आहे ती त्या नोकरीचं ऋण मानायला. ते फिटणारं नाही, पण नोंद तरी व्हावी.

खरं तर हे देणं मी नोकरीला लागायच्याही आधीचं. पुरंदरमधल्या आमच्या कोरडवाहू गावात पावसाचा भरवसा नसे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बायफ' ही संस्था उभी केली आणि तिथून संकरित गायींचं वारं आमच्या बाजूला आलं. वडिलांनी गावठी गाईला वीर्याची कांडी भरून घेतली, तिची कालवड दुधाला आली, आणि त्या दुधावर माझी बी.एस्सी.पर्यंतची फी भागली. रेतनाला येणाऱ्या माणसाला सगळं गाव डॉक्टर म्हणायचं. मोटारसायकलला बांधलेल्या भांड्याचं झाकण त्यानं उघडलं की पांढरी वाफ उसळायची आणि आम्ही पोरं त्या वाफेत हात घालायला धडपडायचो. भांड्यात काय आहे हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

केंद्रात मला पहिलं काम मिळालं ते अंडी फोडायचं. हे तर घरी मुळीच सांगण्यासारखं नव्हतं. अंडं स्पिरिटनं पुसायचं, कवचाच्या दोन वाट्यांत बलक खेळवत पांढरं निथळू द्यायचं, मग बलक गाळणकागदावर ठेवून हलक्या हातानं लोळवायचा, म्हणजे चिकटून राहिलेलं पांढरं कागद टिपून घेतो. शेवटी वरच्या पातळ पडद्याला टोचा मारायचा आणि आतला पिवळा रस तेवढा मोजपात्रात उतरवायचा. पडदा कागदावरच राहिला पाहिजे. ट्रिस, सायट्रिक ॲसिड, फ्रुक्टोज, ग्लिसरॉल, प्रतिजैविकं आणि शंभरात वीस भाग बलक. या द्रावणात वीर्य पातळ करायचं, पाव मिलीच्या कांड्यांत भरायचं, एका कांडीत दोन कोटी शुक्राणू, आणि नायट्रोजनच्या वाफेवर गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रवात बुडवून ठेवायचं. कृती महिनाभरात पाठ झाली. त्यात बलक कशासाठी, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. भाजीत मीठ कशाला, असं कोण विचारतं?

वळूंचं सगळं मामांकडे होतं. त्यांना सगळेच मामा म्हणत, आमचे साहेबसुद्धा. वीर्य घ्यायच्या वेळी वळू उडी मारायला उतावीळ असायचा आणि मामा त्याला वेसण धरून मागे ओढायचे, पुन्हा उभा करायचे, परत मागे घ्यायचे. मी काचेमागे नळी हातात घेऊन ताटकळत उभी. एकदा घाई केली तर म्हणाले, "ताई, लगेच सोडला तर पाणी देईल. रोखला की दाट देतो." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची समजूत. पुढे कळलं की पेनसिल्व्हेनियात जॉन आमक्विस्ट यांनी हेच वर्षानुवर्षं मोजून दाखवलं होतं: वळूला थोपवून, खोट्या उड्या मारायला लावून मग वीर्य घेतलं तर शुक्राणूंची संख्या वाढते. मामांनी ते कुठेही वाचलेलं नव्हतं.

माझं पुढचं काम सूक्ष्मदर्शकावर. काचपट्टी ३७ अंशांवर गरम, तिच्यावर ताज्या वीर्याचा थेंब, आणि भिंगाखाली भोवरे उठल्यासारखी हलणारी झुंड. कांडी वितळवल्यावर किमान निम्मे शुक्राणू पुढे पळताना दिसले नाहीत तर ती सगळी खेप फेकून द्यायची. पळतात ते चांगले, पडलेत ते वाईट, एवढंच माझं शास्त्र. बी.एस्सी.ला मी एन्झाइमं शिकले होते, म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि लाळ एकत्र करून आयोडीनचा निळा रंग जाताना पाहिला होता, आलेख काढले होते, गुणही बरे मिळाले होते. पण एन्झाइम म्हणजे अन्न पचवणारं काहीतरी, यापलीकडे माझी समज गेलेली नव्हती. भिंगाखालच्या त्या शेपटीच्या प्रत्येक फटक्यामागे एन्झाइमांचीच चालू-बंद आहे, हे मला कुणी सांगितलं असतं तरी तेव्हा कळलं नसतं.

आमच्याकडे एक होल्स्टिन वळू होता. दिसायला राजबिंडा, वितळवल्यावरची हालचाल उत्तम. तरी गावोगावच्या रेतकांकडून तक्रार एकच: याच्या कांडीनं गायी उलटतात, गाभण राहत नाहीत. मी पुन्हा पुन्हा थेंब पाहायची आणि दर वेळी तोच शेरा लिहायची, चांगली हालचाल. साहेबांनी माझं वहीतलं पान पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर एका जुन्या निबंधाची झेरॉक्स ठेवलेली होती. गार्बर्स, लस्ट, फर्स्ट आणि लार्डी, विस्कॉन्सिन विद्यापीठ, १९७१. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: वाच, मग कॉफी पाजू.

इंग्रजी कष्टानं वाचलं. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. संध्याकाळी साहेबांनी खरोखरच कॅफीनचं पातळ द्रावण केलं. वितळवून बराच वेळ झालेल्या, मंदावलेल्या शुक्राणूंचा थेंब मी भिंगाखाली घेतला आणि काठाशी कॅफीन सोडलं. आधी काही नाही. मग एका बाजूनं शेपट्या उठू लागल्या, जे जागच्या जागी थरथरत होते ते सुटून निघाले, आणि बघता बघता सगळं क्षेत्र वाहू लागलं. मी ओरडलेच. साहेब म्हणाले, "बघत राहा." बघत राहिले. काही वेळानं ते एकेक करून पुन्हा थंडावले, आधीपेक्षा जास्त. "आता तुझ्या वहीत काय लिहिशील?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घडलं होतं ते असं. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा रेणू असतो. बाहेरचा निरोप आत पोहोचवायचं काम त्याचं. हे ज्यांनी शोधलं त्या अर्ल सदरलंड यांना नोबेल मिळालं तेही १९७१ सालीच. एक एन्झाइम हा रेणू घडवतं, दुसरं तो मोडतं. कॅफीन त्या मोडणाऱ्याला अडवतं, त्यामुळे रेणू साठत जातो, तो प्रोटीन कायनेज ए या तिसऱ्या एन्झाइमला जागं करतो, आणि ते शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेटचे तुकडे चिकटवत सुटतं. शेपटी जोरात चालते. पण इंधन तेवढंच. शुक्राणू हा विचित्र प्राणी आहे. त्याच्या केंद्रकातला डीएनए इतका घट्ट आवळलेला असतो की त्यावरून नवं काही वाचता येत नाही. वृषणातून निघाल्यावर गरजेप्रमाणे नवीन प्रथिनं बनवण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ उरत नाही. जे सोबत आणलं आहे त्यातलंच काय, केव्हा सुरू करायचं आणि काय थांबवून ठेवायचं, एवढंच त्याच्या हाती. मी हालचाल मोजत होते. साहेबांना मला थांबणं दाखवायचं होतं.

त्या निबंधावरचं शेवटचं नाव हेन्री लार्डी. विस्कॉन्सिनच्या एन्झाइम इन्स्टिट्यूटचे ते आधारस्तंभ, हे मला पुढे कळलं. आणि एके दिवशी साहेबांच्या कपाटात संदर्भ शोधताना तेच नाव एका १९४० सालच्या निबंधावर दिसलं: फिलिप्स आणि लार्डी. विषय होता, वळूचं वीर्य टिकवण्यासाठी अंड्याचा बलक. दक्षिण डकोटातून विस्कॉन्सिनला आलेल्या त्या विद्यार्थ्यानं तिशीच्या आत आपल्या गुरूबरोबर बलकाचं द्रावण रूढ केलं आणि तीसेक वर्षांनी तोच माणूस आपल्या विद्यार्थ्यांबरोबर सायक्लिक एएमपीपर्यंत पोहोचला. ती झेरॉक्स हातात धरून मी उभी होते आणि हाताला त्या सकाळच्या अंड्यांचा वास येत होता. १९८१चा वुल्फ पुरस्कार लार्डी, आमक्विस्ट आणि सॅलिसबरी यांना मिळून मिळाला. माझी सकाळ एकाच्या शोधावर आणि मामांची दुसऱ्याच्या, असं चाललं होतं आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. ग्लिसरॉलची गोष्ट तर आणखीच गमतीची. १९४९ साली लंडनच्या मिल हिलमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना गोठवताना शुक्राणू वाचवण्याचा त्याचा गुण कळला तो बाटलीवरच्या लेबलांच्या घोळामुळे. साखरेचं द्रावण समजून वापरलं त्यात ग्लिसरॉल निघालं.

साहेबांनीच मला पुढे शिकायला ढकललं. रजा त्यांनी जमवून दिल्या, अर्जही त्यांनीच लिहिले. विद्यापीठात ज्या मॅडमकडे मी काम केलं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "शुक्राणू हलतो कसा हे सगळे विचारतात. आधी तो का हलत नाही हे शिक." वृषणातून निघालेला शुक्राणू पोहू शकत नाही. अधिवृषणाची तीस मीटरांहून लांब, गुंडाळलेली नळी पार करताना, आठवडा-दीड आठवड्यात, त्याला ती क्षमता येते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे कत्तलखान्यातून आम्हाला मिळत ते रेड्याचे अवयव. बर्फाच्या डब्यातून आणलेलं अधिवृषण उघडून नळीच्या डोक्याकडचा थेंब घेतला तर पेशी निपचित. शेपटाकडचा थेंब घेतला तर जिवंत. एकाच नळीची ही दोन टोकं.

फरक कशात, याचं उत्तर मला श्रीनिवासन विजयराघवन आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या निबंधात मिळालं. वळूच्या या नळीच्या डोक्याकडच्या, न हलणाऱ्या शुक्राणूंत फॉस्फटेज एन्झाइमाची क्रिया शेपटाकडच्यांच्या दुप्पट असते. फॉस्फटेज म्हणजे कायनेजनं चिकटवलेला फॉस्फेट काढून टाकणारं. त्यांनी ते रोखणारी द्रव्यं दिली आणि निपचित पेशी हलू लागल्या. म्हणजे शक्ती आधीपासून होती, तिला धरून ठेवलेलं होतं. फॉस्फेट चिकटवणं आणि काढणं या दुहेरी व्यवहाराबद्दल फिशर आणि क्रेब्ज यांना १९९२चं नोबेल मिळालं आहे, हे मी परीक्षेत लिहून गुण घेतले होते. खरी समज आली ती कत्तलखान्यातून आणलेल्या त्या बर्फाच्या डब्यापाशी.

मग तयारीचा भाग. मादीच्या शरीरात काही तास काढल्याशिवाय शुक्राणू अंड्यात शिरू शकत नाही, हे चँग आणि ऑस्टिन यांनी १९५१ साली इतर प्राण्यांत वेगवेगळं दाखवलं होतं. वळूच्या बाबतीत प्रयोगशाळेत ही तयारी कशी करून घ्यायची याचं उत्तरही विस्कॉन्सिनमधूनच आलं: पॅरिश आणि फर्स्ट यांनी १९८८ साली हेपॅरिन वापरून. आवरणातलं कोलेस्टेरॉल निघतं, कॅल्शियम आत येतं, बायकार्बोनेटनं सायक्लिक एएमपी घडवणारं एन्झाइम चेतवलं जातं, आणि प्रथिनांवर टायरोसीन या अमिनो आम्लापाशी फॉस्फेट चढू लागतात. द्रावणात ग्लुकोज असलं तर वळूच्या पेशीत ही तयारी अडते. इतर प्राण्यांचं सरसकट इथे लागू होत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना मी पहिल्यांदा फॉस्फेट चढलेल्या प्रथिनांचे पट्टे पाहिले. शून्य तासाला जवळजवळ कोरी फिल्म, चार तासांनी शिडीसारखे काळे पट्टे. शेजारी मी गोठवून वितळवलेल्या कांडीचा नमुना लावला होता. त्यात शून्य तासालाच पट्टे होते.

मॅडमनी फिल्म दिव्यासमोर धरली. गोठण्या-वितळण्याच्या धक्क्यानं आवरण ढिलं होतं, कॅल्शियम घुसतं, आणि पेशी वेळेआधीच तयार झाल्यासारखी वागते. आतली वाट हेपॅरिनच्या वाटेसारखीच नसते, पण परिणाम हा की आयुष्य घटतं. अशी पेशी वितळल्या वितळल्या छान पळते. माझ्या वहीतला तो होल्स्टिन आठवला. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही. ते आम्ही कधी तपासू शकलो नाही. पण 'चांगली हालचाल' या दोन शब्दांवरचा माझा विश्वास त्या दिवशी गेला.

बलकाचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. वळूच्या वीर्यद्रवात काही प्रथिनं भरपूर असतात; मॉन्ट्रियलमधले पी. मंजुनाथ यांनी १९८०च्या दशकात ती वेगळी करून ओळखली. गाईच्या शरीरात हीच प्रथिनं शुक्राणूच्या उपयोगी पडतात: अंडनलिकेच्या अस्तराला धरून राहायला मदत करतात, कोलेस्टेरॉल काढून तयारी घडवतात. पण कांडीत साठवताना तीच घातक, कारण आवरण पोखरायचं काम ती थांबवत नाहीत. बलकातले कमी घनतेचे स्निग्धकण या प्रथिनांना स्वतःला बांधून घेतात, आणि शुक्राणू वाचतो. मंजुनाथ यांच्या गटानं हे मांडलं ते २००२च्या सुमाराला, म्हणजे लार्डींच्या निबंधानंतर साठ वर्षांनी. मी ते वाचलं तेव्हा रात्र झाली होती आणि प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. ज्या कामाची मला लाज वाटायची ते अंडी फोडणं म्हणजे एका एन्झाइमसाखळीला योग्य वेळेपर्यंत थोपवून धरणं होतं. मी घरी फोन केला आणि आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गाईच्या वेळीही अंडंच होतं?" होय, तेव्हाही अंडंच होतं.

त्यानंतर मी फार मोठं काही केलं नाही. दोन-तीन निबंधांवर मधलं नाव आहे. केंद्रात परत आले, आणि आता बहुतेक वेळ रेतनाचं प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांना शिकवण्यात जातो. ते मला विचारतात, "मॅडम, एखादी एकच चाचणी सांगा, जिच्यावरून वळू फळणार की नाही ते कळेल." अशी एकही खात्रीची चाचणी नाही. हालचाल पाहा, आवरण पाहा, टोकाची टोपी शाबूत आहे का पाहा, आणि तरीही शेवटचा शब्द गायी गाभण राहण्याच्या नोंदींचा. एवढं एन्झाइमशास्त्र होऊनही नोंदवहीपुढे आपण विद्यार्थीच आहोत, असं माझं मत आहे. काही प्रशिक्षणार्थींना ते आवडत नाही. मला कुणी हे सुरुवातीला सांगितलं असतं तर मलाही आवडलं नसतं.

साहेब निवृत्त होऊन गावी शेती बघतात. मामा राहिले नाहीत. त्यांनी वाढवलेल्या एका वळूच्या कांड्या त्यांच्या मागेही काही वर्षं वापरात होत्या. लार्डी २०१० साली वारले, गार्बर्स त्याआधीच, २००६ मध्ये. या परदेशी माणसांपैकी एकालाही मी भेटले नाही, आणि त्यांना माझ्यासारखी कुणी असेल याची कल्पना असायचं कारणही नाही. मला मिळालेलं घर, धाकट्या भावाचं शिक्षण, चारचौघांत मान वर करून बोलायचं धाडस, हे सगळं त्यांच्या कामावर आणि त्या जनावरांवर उभं आहे. वळूला तर काही विचारलंही जात नाही. आठवड्यातून दोनदा तो येतो, देतो, जातो.

ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांना एक विनंती करून थांबते. गाय माजावर दिसली की घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि रेतनाला येणाऱ्याला ती सांगा. सकाळी दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी अंडं सुटतं, आणि गोठवलेला शुक्राणू ताज्याइतका वाट पाहत नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरावी लागते. तेवढा वेळ त्या माणसाला द्या, आटपा म्हणू नका. आणि कुतूहल म्हणून भांड्यातल्या कांड्या वर काढून बघायला सांगू नका.